एक पंचाहत्तरी, तीन भावंडं आणि एक रविवार

डोंबिवली पूर्वेतलं घर. आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, १४ सप्टेंबर २०२५ ला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. आई थोरल्या मुलाकडे असतात. लेक पुण्यात कोथरूडला, धाकटा अबुधाबीला. थोरल्याची बायको रोज सकाळची फास्ट पकडून फोर्टला नोकरीला जाते. घरगुती समारंभ आखून देणं हे माझं काम आहे आणि जुलैच्या शेवटी मला फोन आला तो या सूनबाईंचा. घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे, नावं मात्र गाळली आहेत.

फोनवरचं त्यांचं पहिलं वाक्य असं: “ताई, कामाचं मला काही नाही हो. पण रोज नवीन काहीतरी ठरतं आणि ठरलेलं मोडतं.”

या प्रकरणाचं निदान याच वाक्यात होतं. घरच्या कार्यात माणसं दमतात ती कामाने, हा समज मला फारसा पटत नाही. साठ माणसांचा स्वयंपाक बाहेरून येतो, खुर्च्या हॉलमध्ये असतात, फुलं फुलवाला आणून देतो. माणूस दमतो तो अधांतरी लोंबणाऱ्या गोष्टींनी. त्यातही ठरवायचा अधिकार कुणाकडे हेच ठरलेलं नसेल, तर घरातल्या सगळ्यात कामसू बाईच्या डोक्यावर सगळं येऊन बसतं. बहुतेक घरांत ती सून असते.

गुंता काय होता

मी गेले तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘आई ७५’ नावाचा गट जोरात चालू होता. त्यात चौदा माणसं. आईंना त्यात घेतलेलं नव्हतं, कारण त्यांना ‘सरप्राइज’ द्यायचं होतं. थोरल्याने १४० जणांची यादी टाकलेली. धाकट्याने एका हॉटेलच्या बँक्वेटचे फोटो टाकलेले, ८५० रुपये प्लेट, किमान १०० प्लेट. लेकीचं म्हणणं, घरीच करू, आईला घरचंच आवडतं. कुणीतरी पुस्तकतुलेची कल्पना मांडलेली. कुणीतरी ऑर्केस्ट्राचा नंबर दिलेला. प्रत्येक सूचनेला अंगठे पडत होते, आणि अंगठा म्हणजे होकार की नुसतं ‘वाचलं’, हे कुणालाच माहीत नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर एक कोरा कागद घेतला. लेकीला फोनवर घेतलं, धाकट्याला व्हिडिओवर. अबुधाबी आपल्या दीड तास मागे, त्यामुळे रात्री साडेनऊला बसलो तरी त्याची संध्याकाळच होती. कागदाचे तीन भाग केले: पक्कं ठरलेलं, नुसतं बोललं गेलेलं, आणि कुणाच्या तरी मनात असलेलं. गटातली एकेक गोष्ट त्यात टाकत गेलो. मधला भाग भरून वाहायला लागला. तिसऱ्यात आत्याबाईंची नाराजी, लेकीची ‘दादा सगळं परस्पर करतो’ ही तक्रार आणि धाकट्याचं ‘खर्च मीच करणार’ हे निघालं. पहिल्या भागात एकच ओळ आली: आईचा वाढदिवस आहे.

थोरला हसला. म्हणाला, “म्हणजे महिनाभर आम्ही नुसतेच बोलतोय.”

सरप्राइज मी तिथल्या तिथे काढून टाकायला लावलं. पंचाहत्तरीच्या माणसाला अचानक साठ माणसांसमोर उभं करण्यात आनंद कुणाचा, हा प्रश्न विचारला की सहसा वाद उरत नाही. शिवाय आईंना एका कानाने कमी ऐकू येतं आणि दीड तासाच्या वर एका जागी बसवत नाही. या दोन गोष्टी चौदा जणांच्या गटात कुणीच लिहिल्या नव्हत्या.

तारीख

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा होता.

१४ सप्टेंबरला रविवार होता, त्यामुळे थोरल्याने ती तारीख गृहीतच धरली होती. पण २०२५ साली पितृपंधरवडा ८ सप्टेंबरला लागला आणि २१ ला सर्वपित्री अमावास्या झाली. म्हणजे वाढदिवस बरोबर मध्यात. आत्याबाईंनी, म्हणजे वारलेल्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने, फोन करून स्वच्छ सांगितलं होतं, “पक्षात मी हॉलमध्ये येऊन जेवणार नाही.” थोरल्याचं म्हणणं, आम्ही हे मानत नाही. तिथीने करू म्हटलं तर तिथी गणेशचतुर्थीच्या आगेमागे येत होती. गणपती २७ ऑगस्टला बसणार, ३१ ला गौरी येणार. अर्ध्या पाहुण्यांच्या घरी स्वतःचेच गणपती आणि उरलेले अर्धे कोकणात. एकूण काय, तारखेने जमत नव्हतं आणि तिथीनेही जमत नव्हतं.

मी म्हटलं, आईंनाच बोलवा.

आई आतल्या खोलीतून आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ज्या पंधरवड्यात यांचं पान वाढायचं, त्या पंधरवड्यात मी केक कापू होय?” मानणं न मानणं हा मुद्दाच संपला. त्यांना ते बरं वाटणार नव्हतं, एवढं कारण पुरेसं होतं. आत्याबाईंची समजूत काढण्यासाठी वेगळी शक्तीही लागली नाही.

मग कॅलेंडर समोर घेऊन पुढचे रविवार खोडत गेलो. २१ ला सर्वपित्री. २८ सप्टेंबर नवरात्रात. मावशींसह, म्हणजे आईंच्या थोरल्या बहिणीसह, सात-आठ जणींचे नऊ दिवसांचे उपास, त्यांच्यासमोर मसालेभात ठेवणं बरं नव्हे. २ ऑक्टोबरला दसरा, तो गुरुवारी. १२ ऑक्टोबरला पोरांच्या सहामाहीचा अभ्यास आणि दिवाळीची खरेदी, १७ ला तर वसुबारसच. मधे उरला ५ ऑक्टोबर, दसरा आणि कोजागिरीच्या मधला रविवार. धाकट्याला अबुधाबीत शनिवार-रविवार सुट्टी असतेच, त्याला जोडून दोन दिवस मिळाले की येणं जमत होतं. तारीख पक्की झाली. पहिल्या भागात दुसरी ओळ आली.

१४ तारखेला काय करायचं, हेही आईंनीच सांगितलं. सकाळी देवाला नमस्कार, घरात खीर, बाकी काही नाही.

१४० चे ६२ कसे झाले

पाहुण्यांची यादी कापायची म्हटलं की प्रत्येकाला दुसऱ्याची माणसं जास्त वाटतात. म्हणून नावांवर वाद घालायच्या आधी नियम ठरवायचा, हे मी प्रत्येक घरात सांगते. इथे नियम आईंच्या फोनवरून काढला. ज्यांच्याशी त्या महिन्यातून एकदा तरी बोलतात ती माणसं, आणि दोन्हीकडची सख्खी नाती. बस. थोरल्याच्या ऑफिसातले गळले, धाकट्याचे कॉलेजचे मित्र गळले, लग्नात आहेर केला म्हणून बोलवायची माणसं गळली. उलट थोरल्याच्या यादीत नसलेली पाच नावं आत आली: टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आईंच्या मैत्रिणी. त्यांची भिशी आजही चालते आणि मुलाला त्यांतल्या दोघींचीच नावं माहीत होती.

प्रश्न राहिला इमारतीचा. बत्तीस बिऱ्हाडं. सगळ्यांना बोलवायचं तर आकडा पुन्हा शंभराच्या वर, आणि निवडक बोलवावेत तर जिन्यात तोंडं फिरणार. यावर तोडगा सूनबाईंनी काढला आणि तो मला फार आवडला. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन लोक एकमेकांकडे जातातच. त्या दिवशी आईंनी संध्याकाळी दार उघडं ठेवायचं, सोनं घ्यायला येईल त्याला पंचाहत्तरीचा पेढा आणि चहा. तीन किलो पेढे लागले. इमारतीचा वाढदिवस तिथेच उरकला, आणि रविवारी कुणाला काही वाटायचं कारण उरलं नाही.

जागा आणि वेळ

हॉटेल गेलं ते किमान शंभर प्लेटच्या अटीमुळे. घर गेलं ते जागेमुळे. गच्चीचा विचार झाला, पण आपल्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही पावसाचा नेम नसतो. मांडव घालायचा म्हणजे आणखी एक माणूस, आणखी एक ॲडव्हान्स. सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल होता. साठ खुर्च्या, सहा पंखे, जिना नाही, भाडं २,५०० आणि साफसफाईचे ५००.

हॉल बघायला गेलो तेव्हा पंखे, प्लगपॉइंट, प्रकाश सगळ्यांनी पाहिलं. संडास कुणी पाहिला नव्हता. तो देशी पद्धतीचा निघाला, उंबऱ्याला एक पायरी. येणाऱ्यांत निदान दहा जण सत्तरीच्या पुढचे; मावशींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनी तीन तास आपल्या घराचा कमोड वापरू द्यायचं आनंदाने कबूल केलं. हॉल ते त्यांचं दार चौदा पावलं. घरच्या समारंभात सजावटीला सरासरी जितका वेळ जातो, त्यातला थोडा संडास, हात असलेल्या खुर्च्या आणि बसायच्या उंचीवर खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे.

वेळ पाच ते आठ ठेवली. दादर, मुलुंड, ठाण्याहून येणाऱ्यांना मध्य रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकची धास्ती असते. तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार असतो, म्हणून दुपारचं जेवण आपोआप बाद झालं. आठला संपलं की म्हाताऱ्या माणसांना गर्दी नसलेली गाडी मिळते आणि ध्वनिक्षेपकाच्या दहाच्या मर्यादेची आठवण करून द्यायला सेक्रेटरीही येत नाहीत. निमंत्रणात मी दोन गोष्टी लिहायला लावते आणि इथेही लावल्या. एक, संपायची वेळ. दुसरी, मुख्य गोष्टीची नेमकी वेळ: ‘औक्षण पावणेसहाला’. नुसतं ‘पाच वाजता’ लिहिलं की आपले लोक सहाला येतात. पावणेसहाचं औक्षण म्हटलं की साडेपाचला बसलेले असतात. खाली एक ओळ: आहेर आणू नये. ती आईंनी सांगितलेली.

जेवण

संध्याकाळी पाच ते आठ म्हणजे अल्पोपहार पुरे, असं थोरल्याचं मत. पण आठला निघालेला माणूस दादरला साडेनऊला पोचणार. त्याला उपाशी पाठवायचं का? उलट पूर्ण पंगत मांडली तर तीन तास वाढण्यातच जाणार. जेवणाचा निर्णय लेकीवर सोपवला होता, तिने मधला मार्ग काढला. आल्याआल्या कोकम सरबत आणि चहा, आणि सातला एकच ताट: पुरी, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ, मसालेभात, काकडीची कोशिंबीर, अळूवडी, पापड. गोड एकच, ओल्या नारळाच्या करंज्या. त्या आईंच्या आवडीच्या, आणि नगावर मोजता येतात. श्रीखंड वाढताना कधी संपेल सांगता येत नाही. माणशी दोन करंज्या म्हटलं की १३० सांगायच्या आणि विषय मिटवायचा. गल्लीतल्या एक बाई त्या करून देतात, नगाला १८ रुपये.

बाकीचं ताट एका घरगुती कॅटररकडे, २८० रुपये प्लेट. त्याच्याशी तीन गोष्टी लिहून घेतल्या. साठ प्लेटचे पैसे नक्की, त्यावर सहा प्लेटची तयारी, खाल्ल्या तर पैसे. ताटं स्टीलची, ती त्यानेच आणायची आणि न्यायची. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी कुठून कुठून ती अजून निघतातच. आणि कोशिंबिरीचं दही वेगळ्या डब्यात, बर्फावर, ते सातला पंगतीआधीच कालवायचं. ऑक्टोबरच्या उन्हात शिजलेलं किंवा दह्याचं काहीही एका तासापेक्षा जास्त उघड्यावर राहू द्यायचं नाही, हे मी कॅटररच्या अनुभवावर सोडत नाही.

केकवरून थोडी चकमक झाली. तीन मजली केकचा फोटो गटात आधीच आलेला होता. हिशेब साधा आहे. जेवणाआधी केकचा एक घास पुरतो, तो ४० ग्रॅम धरला तर साठ जणांना अडीच किलोच्या आत भागतं. अडीच किलोचा, अंड्याशिवायचा, क्रीम कमी असलेला केक सांगितला.

चौथा रकाना

कामाच्या याद्या सगळेच करतात: काम, कोणी, कधीपर्यंत. मी त्यात चौथा रकाना घालते, ‘मुभा’. म्हणजे कुणालाही न विचारता हा माणूस किती रुपयांपर्यंत आणि काय काय ठरवू शकतो. या घरात त्या रकान्यानेच निम्मं काम केलं.

लेकीला जेवणाची पूर्ण मुभा, २३,००० पर्यंत. थोरल्याला हॉल, वीज, माइक, फुलं. धाकट्याला लांबून करता येईल असं काम हवं होतं आणि ते खरंखुरं काम हवं होतं, नुसते पैसे पाठवणं नको. त्याच्याकडे फोटो दिले. दीडशे फोटोंच्या वीस मिनिटांच्या स्लाइड शोऐवजी चाळीस फोटो निवडून, खाली ओळी लिहून, छापील अल्बम करायचा आणि तो हॉलमध्ये टेबलावर ठेवायचा. पडद्यासमोर माणसं अंधारात गप्प बसतात, अल्बमभोवती उभी राहून बोलतात.

ज्याची मुभा त्याचा शब्द शेवटचा. मग लेकीने अळूवडी ठरवल्यावर थोरल्याने गटात ‘कोथिंबीरवडी बरी नाही का?’ लिहिलं, तेव्हा आत्याबाईंनीच उत्तर टाकलं, “तिला विचार. इथे नको.” त्या दिवसापासून गट बराच शांत झाला.

सूनबाईंच्या नावापुढे यादीत एकच काम होतं: दसऱ्याचा चहा-पेढा. रविवारी चारनंतर त्या पाहुण्या. हे त्यांनाच पटेना. “पण चमचे कुठे आहेत हे मलाच माहीत असणार ना?” नेमकं तेच. समारंभाच्या दिवशी ‘चमचे कुठेत, वायर कुठेय, पाणी संपलं’ हे सगळे प्रश्न घरच्या बाईकडे येतात आणि पैठणी नेसलेली ती बाई तीन तास धावत राहते. म्हणून विचारायचा माणूस वेगळा नेमायचा. त्याने भावनेने कुठे गुंतलेलं नसावं, त्याला फोटोत उभं राहायचं नसावं. इथे सूनबाईंचा बावीस वर्षांचा भाचा मिळाला. त्याला चमच्यापासून फ्यूजपर्यंत सगळं आदल्या दिवशी दाखवलं, गळ्यात लाल दोरीचं कार्ड अडकवलं आणि दाराशी उभं केलं. मोबदला म्हणून त्याने हेडफोन मागितले, ते सूनबाईंनी स्वतःच्या पैशातून दिले.

कार्यक्रमातून काय काढलं

पुस्तकतुला आईंनी स्वतः उडवून लावली. “मला तागडीत बसवू नका, माझं वजन सगळ्या गावाला कळेल.” ऑर्केस्ट्रा गेला, कारण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला मोठ्या आवाजाच्या खोलीत काहीच ऐकू येत नाही. भाषणं दोनच, पाच-पाच मिनिटांची: एक मैत्रिणीचं, एक नातीचं. मुलांनी बोलायचं नाही. मुलं बोलायला लागली की रडतात आणि लांबतात.

राहिलं पंचाहत्तर दिव्यांचं औक्षण. त्यात दोन अडचणी होत्या. पहिली आगीची. पंचाहत्तर दिव्यांचं तबक हातात धरून ओवाळणं, आजूबाजूला रेशमी आणि नायलॉनच्या साड्या. मला ते अजिबात मान्य नव्हतं. किलोभर कणकेचे छोटे दिवे केले, उकडून घेतले म्हणजे तूप पाझरत नाही, तुपात भिजवलेल्या फुलवाती घातल्या. सत्तर दिवे दोन परातींत भिंतीलगतच्या टेबलावर आणि पाच दिव्यांचं तबक हातात. परातीतले दिवे नातवंडांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली लावायचे. तेवढ्यापुरते पंखे बंद, बाजूला पाण्याची बादली.

दुसरी अडचण आत्याबाईंनी चाचरत बोलून दाखवली: वहिनीला ओवाळायचं कुणी, आणि कुंकवाचं काय? खोलीत जरा शांतता झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो मार्ग दाखवला. गावाने ठराव करणं वेगळं आणि स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर तो विषय निघणं वेगळं. इथे उत्तर सांगलीहून फोनवर आलं. मावशींनी, त्या स्वतः पंधरा वर्षं विधवा, सांगितलं, “पहिलं मी ओवाळणार. मग ज्याला ओवाळायचं त्याने ओवाळावं.” हेरवाड सांगलीपासून लांब नाही, तो वारा तिकडे आधी पोचला असावा. आत्याबाई गप्प राहिल्या. त्यांनी होकार दिला नाही आणि मोडताही घातला नाही.

प्रत्यक्ष दिवस

करंज्या चारला आल्या. साडेपाचपर्यंत चाळीसेक माणसं बसली होती. पावणेसहाला पंखे बंद झाले, मावशींनी ओवाळलं, मग लेकीने, सूनबाईंनी, आणि शेवटी कुणी न सांगता आत्याबाई उठल्या. कुंकू त्यांनी लावलं नाही, पण ओवाळलं. आईंनी वाकून नमस्कार केला. दिवे चार-पाच मिनिटं टिकले, नातवंडांना तेवढे पुरले.

कॅटररचा टेम्पो कल्याण-शीळ रस्त्यावर अडकला. साडेसहाला यायचा तो सव्वासातला आला. याचा ताण तीनच माणसांना आला: लेक, मी आणि लाल दोरीवाला भाचा. त्याने आधीच ठरल्याप्रमाणे घरून चिवड्याचे डबे आणले, चहाचा दुसरा फेरा काढला. पाहुण्यांना उशीर जाणवला नाही, कारण त्या वेळात ती सगळी अल्बमभोवती होती. एक्स्चेंजच्या मैत्रिणींना १९७० च्या दशकातला एक फोटो सापडला: कानाला हेडसेट, समोर स्विचबोर्ड, सगळ्या ओळीने बसलेल्या. ट्रंक कॉल ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, हे पोरांना समजावताना त्यांच्यातली एक मावशींकडे वळली आणि त्याच जुन्या सुरात म्हणाली, “सांगली लागलंय, बोला.” आई खुर्चीवरून उठून त्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि मग बराच वेळ बसल्याच नाहीत. दीड तासाचं आमचं गणित तिथे कोलमडलं, आणि कुणी ते सावरायच्या भानगडीत पडलं नाही.

पंगतीत एक बदल मुद्दाम केला होता. उत्सवमूर्ती सगळ्यांचं आटोपल्यावर जेवते, तोवर तिची भूक मरते. इथे आई, मावशी आणि आत्याबाई यांची पानं पहिल्या वाढपातच मांडली. ६२ पैकी पाच जण आले नाहीत, इमारतीतली नऊ पोरं न बोलावता आली आणि जेवली. ६६ ताटं लागली, तयारीही तेवढ्याचीच होती. मसालेभात उरला तो तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आणि वॉचमनकडे गेला. सव्वाआठला हॉल रिकामा.

फसलेली गोष्ट एक: माइकची बॅटरी नातीच्या भाषणाच्या मधोमध गेली. ती आईंच्या चांगल्या कानाशी जाऊन उरलेलं बोलली. मागच्या ओळीतल्यांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या मात्र वाजवल्या. दुसरी नंतर कळली. आभार मानताना थोरल्याने आत्याबाईंचं नाव घेतलं नाही. दिवाळीच्या फराळाला त्या आल्या नाहीत, तेव्हा तो डबा घेऊन त्यांच्याकडे गेला. आभाराची यादी कुणाच्याच मुभेत लिहिलेली नव्हती.

पैसे

यावर सुरुवातीलाच बोलणं झालं म्हणून शेवटी कटकट झाली नाही. धाकट्याला सगळा खर्च करायचा होता. थोरल्याच्या मनाला ते लागत होतं, कारण आईला रोज सांभाळणारा तो. लेकीकडून घ्यायचे नाहीत, असं आईंचं म्हणणं. लेक म्हणाली, “मग मी पाहुणी म्हणून येते, लेक म्हणून नाही.” त्यानंतर तिघांनी बारा-बारा हजार काढले, ३६,००० एका खात्यात, सगळे खर्च तिथूनच.

हॉल आणि साफसफाई ३,०००. ताटं १८,४८०. करंज्या २,३४०. केक २,२५०. फुलं आणि दिव्यांचं सामान १,५००. चहा, सरबत, चिवडा १,२००. दसऱ्याचे पेढे १,९२०. अल्बम ३,२००. वाढपी आणि वॉचमनची बक्षिसी १,५००. बेरीज ३५,३९०. बँक्वेटमध्ये १४० जणांचं नुसतं जेवण १,१९,००० झालं असतं.

हा आराखडा उचलताना एक लक्षात घ्यावं, तो वयस्कर माणसाचा आहे. पहिल्या वाढदिवसाला तो जसाच्या तसा चालणार नाही. तिथे वेळ मेगाब्लॉकवरून न ठरवता बाळाच्या झोपेवरून ठरवावी लागते, पाहुणे निम्म्यावर आणावे लागतात आणि फुगे फुटायच्या आवाजाचा विचार आधी करावा लागतो. पन्नाशीला उलट संध्याकाळी आठनंतरच रंग चढतो, संपायची वेळ कुणी पाळत नाही. मुभेचा रकाना आणि दाराशी उभा राहणारा भाचा मात्र तिन्हीकडे ठेवावा. भाचा नसला तर शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा चालतो; त्याचे पैसे आधीच बोलून घ्यावेत.